क्रियाविशेषण काही केल्या कळेना

मंगळवार, ९ जानेवारी

नाऊन झालं! एका बैठकीत! मी, चौथीत शाळा सुटलेली बाई, आणि इंग्रजी व्याकरण — आमचे हे आज असते तर हसून हसून खुर्चीवरून खाली आले असते.

झालं असं की भिंगरीचा — माझ्या नातीचा, पाय एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी — शिक्षिका व्हायचा कोर्स चाललाय तिकडे हॉस्टेलात राहून. त्यात एक काम असं, की इंग्रजीचा गंध नसलेलं एक मोठं माणूस धरायचं आणि त्याला शब्दांच्या आठ जाती शिकवायच्या. फोनवर. सगळं रेकॉर्ड करून परीक्षक बाईंना पाठवायचं. मैत्रिणींनी कुणी वॉचमन धरला, कुणी भाजीवाली. ही म्हणते, "आजी, तुझ्याइतकी कोरी पाटी मला शोधून सापडायची नाही!" मी म्हटलं, "अगं, हे कौतुक की अपमान?"

मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा. एरवी तिचा फोन म्हणजे — बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना, ठेवते. आज अर्धा तास!

नाऊन म्हणजे नाम. ज्याला हाक मारता येते किंवा ज्याच्याकडे बोट दाखवता येतं ते. फोन ठेवला आणि घरभर हिंडले. टेबल. फॅन. कप. बल्ब. गॅस. बादलीपाशी अडले. पण बाकी अर्धं घर इंग्रजीतच होतं की! मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळं मोठ्यानं म्हटलं. घरात जरा आवाज झाला.

शुक्रवार, १२ जानेवारी

प्रोनाऊन. नावाच्या जागी उभं राहतं ते. भिंगरी समजावत होती, मी म्हटलं, थांब बाई, हे मला नको शिकवूस. मी उभा जन्म नवऱ्याला सर्वनामानंच हाक मारली! तेही मला "अगं" सोडून काही म्हणाले नाहीत. दोन प्रोनाऊनांचा संसार झाला तो.

इंग्रजीत 'यू' म्हणजे तूही आणि तुम्हीही. टेलरलाही यू, मांजरालाही यू. कुणाचा मान कसा राखतात कोण जाणे.

रेकॉर्डिंग बंद केल्यावर मग खरं बोलणं. खोलीतली मुलगी झोपेत दात खाते म्हणाली. केस फार गळतात म्हणाली. मी तेल सांगितलं. ऐकणार नाही, पण सांगितलं.

शनिवार, १३ जानेवारी

समोरच्या टेलरकडे शर्ट द्यायला गेले. काजं-बटणांचं काम अजून त्याच्याकडूनच आणते, डोळे आहेत तोवर. त्याला सांगितलं, मी इंग्रजी शिकते. म्हणाला, "आजी, मग आता काजंपण इंग्रजीत घालणार का?" म्हटलं, "तू शिवण तरी मराठीत नीट घाल आधी!" शिलाईच्या मशीनवरची मुलं हसली. बरं वाटलं. परत आले तर दुपारचे अडीच वाजलेले. संध्याकाळ कुठच्या कुठे होती.

मंगळवार, १६ जानेवारी

व्हर्ब. क्रियापद. करणं-सवरणं, येणं-जाणं. हे तर दोन मिनिटांत कळलं. भिंगरी खूश. "आजी, तू हुशार आहेस गं! अशानं महिन्याच्या आत आटपू आपण."

आटपू?

मी विचारलं, "आठच का गं जाती?" म्हणाली, "आठच. नववी कुणी काढली तर तुला पहिली कळवीन."

शुक्रवार, १९ जानेवारी

ॲडजेक्टिव्ह. रेड ड्रेस — ड्रेस नाम, कसा? रेड. लख्ख कळलं. तिनं विचारलं, "कळलं ना?"

आणि माझ्या तोंडून गेलं — "नाही बाई."

कसं गेलं ते मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे.

ती म्हणाली, "असू दे आजी, मंगळवारी पुन्हा घेऊ."

मंगळवार, २३ जानेवारी

पुन्हा ॲडजेक्टिव्ह घेतलं. मी टेबलाला ॲडजेक्टिव्ह म्हटलं. तिनं न रागावता पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काय गोड समजावते! "टेबल कसं आहे, आजी? मोडकं आहे ना? मग मोडकं हे विशेषण." तिला टेबलाचा पाय आठवत होता! लहानपणी त्याच्याखाली बसून खडू खायची.

शुक्रवार, २६ जानेवारी

आज मी 'द' काढला. म्हटलं, हा 'द' कोण? प्रत्येक वस्तूपुढे येऊन उभा राहतो, ना नाव ना गाव. याची जात कुठली? अर्धा तास 'द'मध्येच गेला! वर भिंगरी म्हणाली, "आजी, प्रश्न चांगला होता हं."

सोमवार, २९ जानेवारी

आज फोनचा वार नाही. काजं केली. फॅन पुसला.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

ॲडव्हर्ब. क्रियाविशेषण. याच्यावर मी ठाणच मांडलंय. क्रियापदाला विचारायचं — कसं? कुठे? केव्हा? शी वॉक्स स्लोली. चालते. कशी चालते? हळू. मी काय करते, 'शी' वर बोट ठेवते. मग 'वॉक्स' वर. 'स्लोली' वर चुकूनही नाही! चुकणं सोपं नसतं, मेलं. बरोबर उत्तर आधी जिभेवर येतं, ते गिळावं लागतं.

मंगळवारी पुन्हा हेच. त्यानंतर तीन जाती राहतात. एकेकीला दोन-तीन धडे लावले तर मार्च सहज निघेल.

मुलगा आणि सून रविवारी फोन करतात. कुकरची शिटी ऐकू येते मागे, मग ठेवतात.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

ॲडव्हर्ब. नाही कळलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज धडा झालाच नाही. भिंगरी रडत होती. परीक्षक बाईंनी आतापर्यंतची रेकॉर्डिंग ऐकली. म्हणाल्या, विद्यार्थी जागचा हलत नाही याचा अर्थ शिकवणाऱ्याला शिकवता येत नाही. वॉचमनवाली सगळं संपवून मोकळी झाली. "मला नाहीच जमत, आजी. तुझा दोष नाही. सोडून देते मी कोर्स. उगाच घरच्यांना स्वप्नं दाखवली."

"तुझा दोष नाही" म्हणाली!

अगं, चुलीत गेला माझा फोन. मी म्हटलं, मंगळवारी एकदा घे. एकदाच. मला आता थोडं थोडं उमजतंय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सगळं बरोबर सांगितलं! ॲडव्हर्ब तर धडाधड — हळू, भरभर, इथे, काल. प्रेपोझिशन तिनं नुसतं सुरू केलं आणि मी मराठीवरून ताडून पुढचं म्हटलं. आपण म्हणतो टेबलावर, ते म्हणतात ऑन द टेबल. आपला 'वर' मागून येतो, त्यांचा पुढे पळतो. कंजंक्शन म्हणजे शर्टाचं बटण. दोन पट्ट्या धरून ठेवतं. "वा आजी!" म्हणाली. आणि इंटरजेक्शन! वॉव, आऊच! अगंबाई, अय्या, छे, अरे देवा! ही आठवी जात म्हणजे तर आम्हा बायकांचं राज्यच.

भिंगरी हसत होती, आणि रडतही होती बहुतेक. "आजी, एकदम कसं काय गं?" म्हटलं, दिवा लागतो तसा लागला.

संपलं. पाठवते म्हणाली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

फोन नाही. साहजिकच आहे.

मंगळवार, २० फेब्रुवारी

सहाला फोनजवळ बसले. सवयीनं. मग टेलरचे शर्ट तिथेच आणून केले.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

फोन आला! उचलला तर आवाज सपाट. परीक्षक बाई म्हणतात रेकॉर्डिंग बनावट आहे. ज्या बाईला क्रियाविशेषण काही केल्या कळेना, ती पुढच्या धड्यात न शिकवलेलंसुद्धा सांगते? कागद लिहून दिलास आणि वाचून घेतलंस म्हणे. "आजी, तू कुणाकडून पाठ केलंस का? खरं सांग. ते मला काढून टाकतील."

म्हटलं, बाईंचा नंबर दे. "तुला काय करायचाय?" तू दे.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सकाळी आंघोळ केली, बरी साडी नेसले — फोनवर कुणाला दिसणार होती? — आणि लावला.

"बाई, मी ती आजी. रेकॉर्डिंगमधली."

"बोला."

"ती खोटी नाही. मी खोटी. मला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. मी मुद्दाम चुकत होते."

"मुद्दाम? कशासाठी?"

"धडे संपले की फोन संपतो ना, बाई."

बाई म्हणाल्या, "क्रियाविशेषण म्हणजे काय, सांगा बरं."

भिंगरीनं सांगितलं होतं तसंच सांगितलं, तिच्याच शब्दांत. बाईंनी उलटसुलट विचारलं. सगळं सांगितलं.

"शिकवलंय चांगलं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्या मुलीला किती त्रास दिलात, कल्पना आहे?" म्हटलं, आहे. "एक नवा धडा ती समोर बसून घेईल. तुमच्या घरी, कॅमेरा लावून. त्यावर ठरवीन. आणि आजी, या वेळी नाटक नको. तिला मात्र हे तुम्हीच सांगायचं."

सांगितलं. भिंगरी म्हणाली, "मी रडत होते, आजी. तुला ऐकू येत होतं." ठेवला.

बुधवार, २८ फेब्रुवारी

तिचा निरोप. 'शनिवारी येते. धड्यासाठी.' आजी नाही, काही नाही.

शनिवार, २ मार्च

भिंगरी आली. बॅग दारात आपटली. "चार दिवस आहे. धड्याशिवाय एक शब्द बोलणार नाही तुझ्याशी," म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन धाडकन दार लावून घेतलं.

चहा दोघींचा ठेवलाय. किती वर्षांनी या घरात कुणीतरी रुसून बसलंय!