नाल्याकडच्या मंडळींचा ग्रुप फोटो

आखाडा बाळापूर

आदरणीय पुंजाजी मामा आणि कमलमामी यांना भाचा प्रज्ञेशचा सप्रेम जयभीम.

मामींचा गुडघा आता वाकतो का? तुमच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? (फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणता आणि पुढचं सगळं मामीच बोलतात, म्हणून पत्र.) आम्ही सगळे खुशाल.

कळवायला अभिमान वाटतो की तुमचा भाचा आता नुसता लग्नाचा फोटोग्राफर राहिलेला नाही. पूर, दुष्काळ, साथ, जिथं माणसं अडचणीत तिथं जाऊन त्यांचे फोटो काढायचे आणि मदत करणाऱ्यांपुढे मांडायचे, असं काम मी सुरू केलं आहे. (आई शेजारी सांगते, "पोरगं पुराचे फोटू काढून राहिलं." शेजारीण विचारते, "जेवण कसं असतं तिथं?") सप्टेंबरात साखऱ्यात नाल्याचं पाणी घुसलं, तेव्हा एका संस्थेच्या पुनम मॅडमनी मला पहिलं काम दिलं. निघताना एकच सूचना: "फोटोत दुःख दिसलं पाहिजे."

आता मामा, आठ वर्षं मी लोकांना हसवण्याचं काम केलं. पडलेल्या भिंतीपुढं चार बाया उभ्या होत्या, कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं तोंडातून गेलं, "मुलीकडचे जरा इकडं सरका." त्यातली साठीची एक बाई शांतपणे म्हणाली, "आमी मुलीकडचे न्हाई बाबा, नाल्याकडचे हाव." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण जमीन आधीच एवढी ओली होती की तिच्याच्यानं काही होईना.

ती बाई म्हणजे केशरबाई. घरात गुडघाभर गाळ, धान्याला मोड आलेले. मी भीत भीत म्हटलं, "मावशी, जरा खाली बसून कपाळाला हात लावता का?" तशी ती कडाडली, "काहून? भर दुपारी पाणी आलं तवा अकरा माणसं एकेक करून शाळंच्या गच्चीवर चढवली मी. तवा न्हाई रडले, आन् आता तुझ्या फोटूसाठी रडू व्हय?"

मॅडमची सूचना आठवली, पहिलंच काम हातचं जाईल हेही आठवलं. पण खोटं सांगत नाही मामा, त्या बाईपुढं कॅमेरा वर उचलायची लाज वाटली. मग म्हटलं, "मावशी, ते अकरा जण बोलवा. जिथं चढवलं तिथंच फोटो काढू." ती आत गेली, तोंड धुऊन, पेटीतलं कोरडं राहिलेलं एकुलतं हिरवं लुगडं नेसून आली. लोखंडी शिडीनं आम्ही सगळे गच्चीवर गेलो. बाराच्या बारा माणसांचे डोळे एका वेळी उघडे ठेवणं ही विद्या फक्त लग्नवाल्याकडेच असते! मधोमध केशरबाई, कमरेवर हात ठेवून, मागं सगळं गाव गाळात. असा फोटो मी आजवर काढला नव्हता.

उतरताना तिनं कॅमेरा धरला, "तू उतर सावकाश." मी अभिमानानं शेवटची पायरी विसरलो आणि थेट गाळात बसलो. वरून खटकन आवाज आला.

पुनम मॅडम फोटो बघून म्हणाल्या, "हे लग्नासारखं दिसतंय." मी म्हटलं, "खाली तिचं नाव घाला, अकरा माणसं वाचवली हे घाला, मग बघा." त्यांनी पेन काढून नाव लिहून घेतलं. संस्थेच्या अहवालात तो पूर्ण पानभर छापलाय, नावासकट. आणि मुखपृष्ठावर माझा फोटो आला! माझा म्हणजे, माझाच. गाळात बसलेला. पुण्याच्या कार्यालयात म्हणे सगळ्यांना त्यातलंच दुःख सर्वांत खरं वाटलं. चूक ध्यानात आणून दिली तोवर छपाई झालेली. तरी 'छायाचित्र: केशरबाई, साखरा' एवढं मी नंतर चिकटवून घेतलं. अहवाल द्यायला गेलो तर तिनं तो गावभर फिरवला आणि मला म्हणाली, "येत जा अधनंमधनं. शिकवीन तुला."

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
प्रज्ञेश

ता. क. पुढचं काम वादळाचं आहे, समुद्रकाठी, होडीतून. फॉर्ममध्ये 'पोहता येतं का?' असं विचारलं होतं. मी 'उत्तम' लिहिलं आहे. तर मामा, तुमच्या मळ्यातल्या विहिरीला सध्या पाणी किती आहे? रविवारी येतो. कमरेला बांधायला दोर आणि कोरडा भोपळा तयार ठेवावा.

ता. क. २. पाणी पुरुषभर असेल तर पुढच्या रविवारी येतो.