करंगळीतला मोती

माय, तू गेलीस तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता मी तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. इतक्या वर्षांत तुला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र रात्री भीतीनं दचकून जाग येते, आणि ही भीती कशी असते ते आपल्या घरात फक्त तुला माहीत होतं.

कोरीट गावातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. दुपारची वेळ, बाबा केळीच्या वावरात, आणि तू भाकरी थापता थापता एकदम थांबतेस. हात पिठात तसेच. "पोरी, आयक. विहीरमा कोनी बोली ऱ्हायनं. तुले आयकू येस का?" मला काहीच ऐकू यायचं नाही. तरी मी हो म्हणायची, कारण नाही म्हटलं की तू आणखी घाबरायचीस. मग तू दाराला कडी लावायचीस. तव्यावरची भाकरी करपून जायची, आणि आपण दोघी भिंतीला टेकून बसलेल्या असायचो.

त्यावर उपाय म्हणून बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, नंदुरबारहून मोती घेऊन आली. चांदीच्या अंगठीत बसवलेला, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. मोती चंद्राचा आणि चंद्र मनाचा, असं तिला कुणा जाणकारानं सांगितलं होतं. सोमवारी सकाळी तिनं अंगठी कच्च्या दुधात बुडवली आणि तुझ्या करंगळीत घातली. "आते तुन्हं मन थंडं व्हई जाई," ती म्हणाली. तू हसलीस. चार-सहा दिवस खरंच बरी होतीस. एकदा पीठ मळायला तू अंगठी काढून ठेवलीस, तेव्हा मी ती बोटात घालून पाहिली. तू माझ्या गालात ठेवून दिलीस. तेवढ्या एकदाच मला मारलंस, आणि लगेच जवळ घेऊन रडलीस. "ती गयी तं मी मरी जासू, पोरी."

घाम, मसाला, धुण्याचा सोडा लागून मोती पिवळट पडत गेला. तू तो उजेडात धरायचीस आणि हळूच म्हणायचीस, "मेला." मी बाबांना सांगितलं, माय अजून घाबरते. ते म्हणाले, "मोती घालेल शे ना? व्हई बरं." त्या मोत्यानं सगळ्या घराची काळजी मिटवली होती, एक तुझी सोडून. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. पोळा झाल्यावर एका दुपारी मी शाळेतून आले, तर दार सताड उघडं होतं आणि विहिरीवर माणसं जमली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. तुझ्या चपला मात्र काठापासून लांब, एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या होत्या. मी त्या उचलून घरी आणल्या. कुणाला बोलले नाही.

आता आम्ही शहाद्याला राहतो. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, लोणखेड्याला कॉलेजात जाते. जायची, म्हणायला हवं. महिनाभर ती खोलीबाहेर आलीच नाही. पंख्यातून कुणीतरी आपलं नाव घेतं म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद करून घामाघूम बसायची. मी दाराबाहेर उभी राहायची आणि कडी वाजवायचा धीर व्हायचा नाही. आत्याला कुणीतरी कळवलं. ऐंशी उलटलेली बाई काठी टेकत आली, पदराच्या गाठीत अंगठीतला मोती बांधून. "तुन्ही मायले देयेल व्हता ना, तसाच शे." मला ओरडायचं होतं. पण पोरीनं मुकाट्यानं हात पुढे केला. तिलाही कशाचा तरी आधार हवाच होता. मी घालू दिला. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही दोघं नवरा-बायको तिला नंदुरबारला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी अंगठी पाहिली, पण हसल्या नाहीत. "असू दे बोटात. पण गोळी एकही चुकवायची नाही." गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. परवा पोरीनं स्वतः उठून पंखा लावला. मी भाजी चिरायची थांबले आणि तो घरघर आवाज ऐकत राहिले. आनंद व्हायला हवा होता. पण ती पुन्हा कधी बंद करेल, याचीच वाट बघितल्यासारखी मी उभी होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता का?" माझे यजमान शेजारीच बसले होते. लग्न ठरताना त्यांच्या घरी तुझा पाय घसरल्याचंच सांगितलं होतं. मी म्हटलं, "नाही." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. परत येताना बसमध्ये पोरीनं विचारलं, "मम्मी, आजी कशानं गेली गं?" मी तिलाही पाय घसरल्याचंच सांगितलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे वळली. तिनं पुढे काही विचारलं नाही, माय, आणि मला बरं वाटलं.