आधी सांड तपासा

दादा, काल माझ्या नातीला मुलगा झाला. दात नाहीत तरी दोन पेढे खाल्ले मी, गल्लीभर वाटले. आणि एवढ्या खुशीत तुमचाच राग आला बघा. मध्य भारताचं राज्य होतं तेव्हा तुम्ही गुरांच्या सरकारी फार्मवर लॅबमध्ये होतात, मी तुमची लेक डबा घेऊन यायची. सांडाचं वीर्य ज्या काचेवर घ्यायचं ती तुम्ही आधी काखेत धरून ऊन करायचात. म्हणायचात, "गार काचेवर जीव मरगळतात गं, चांगला सांडही फेल होतो." एकदा मलाही खुर्दबिनीतून, त्या सूक्ष्मदर्शकातून, बघू दिलंत. बाई गं, वारूळ फुटल्यासारखी लगबग! मग एका पटेलांच्या सांडाचं दाखवलंत, तर सगळं निपचित. आणि बाहेर बांधलेला तो सांड म्हणजे हत्तीच, शिंगांना तेल, गळ्यात घुंगरू. पटेल तणतणले, "बाबूजी, खोट तो गायों में है! दो तो बेच दी मैंने." तुम्ही मानही वर न करता म्हणालात, "पटेलजी, गायीला बोल लावण्याआधी सांड तपासायचा असतो." केवढी ऐट वाटली होती मला तुमची.

पुढे माझं लग्न झालं, चार वर्षं गेली, आणि सासूबाईंनी परदेशीपुऱ्याहून टांगा करून मला ट्रंकेसकट आपल्या दारात उतरवलं. "वांझ आहे तुमची, ठेवा घरीच." मी आत चहा गाळत होते. वाटलं, आता दादा बोलतील, तेच वाक्य. तुम्ही म्हणालात, "चहा तरी घेऊन जा, विहीणबाई." पटेलांपुढे जीभ होती ना तुम्हाला? सासूबाईंच्या त्या मुलाने नंतर दोन बायका केल्या, पाळणा हलला नाही. तुम्ही गेल्यावर आईने मला राऊ गावच्या बिजवराला दिलं, वर्षात मुलगा झाला. तुम्ही असतात तर पोर कडेवर घेऊन नुसती तुमच्या दारात उभी राहिले असते, एक शब्द न बोलता.

तुम्हाला पोचणार नाही, म्हणून हेही लिहिते. नातीला पाच वर्षं मूल नव्हतं. सोळा सोमवार मी तिलाच धरायला लावले. ती नवऱ्याला तपासायला घेऊन निघाली तर मीच दारात आडवी आले, म्हटलं, "त्याला कशाला गं नेतेस, चांगला धट्टाकट्टा तर आहे." औषधं त्यालाच लागली.