कायम होणाऱ्यांची यादी

४ मार्च, मंगळवार

फसवायचा पगार मिळणार आहे मला! सरांनी आज स्पष्टच सांगितलं — "तुझं पहिलं काम म्हणजे आपल्याच माणसांना गंडवायचं." खोटा मेल लिहायचा, कारखान्यातल्या सगळ्यांना पाठवायचा आणि आतली लिंक कोण कोण दाबतं ते मोजायचं. दाबणाऱ्याला लगेच एक पान दिसतं — ही चाचणी होती, पुढच्या वेळी असं ओळखा. खरा चोर यायच्या आधी आपणच चोर होऊन बघायचं.

आईने शेजारीपाजारी सांगून टाकलंय, पोरगी कॉम्प्युटरच्या पोलिसांत लागली. दादा म्हणतो, पोलीस असशील तर आधी मी विसरलेला पासवर्ड शोधून दे.

६ मार्च, गुरुवार

आमच्या मजल्यावर बायकांचं टॉयलेटच नाही. विभागात नऊ पुरुष आणि मी एकटी. खाली स्टोअरजवळ एक आहे, त्याची किल्ली स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंकडे. हातमोजे, नट-बोल्ट, वंगणाचे डबे — सगळं त्यांच्या ताब्यात, आणि ही किल्लीही. आज म्हणाल्या, "रोज जिना उतरतेसच, तर डबाही इथंच खा की."

खाल्ला. नऊ वर्षं झाली त्यांना इथं, अजून कंत्राटी. दरवर्षी मार्चअखेर नवा कागद, नवी सही. "एकदा पर्मनंट झाले की सुटले!" मी म्हटलं, माझंही सहा महिने प्रोबेशन आहे. "म्हणजे तू माझ्यापेक्षा बरी," म्हणाल्या. खूप हसलो.

१० मार्च, सोमवार

तीन मसुदे दिले, तिन्ही परत. बक्षीस लागलं, पार्सल अडकलं, पासवर्ड संपला. सर म्हणाले, "याला कोण भुलणार? माणसाला मनातून काय हवंय ते शोध!"

मी जागेवर येऊन बसले आणि वीस मिनिटांत लिहिला. 'कायम करण्यात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी — आपले नाव तपासा.' खाली हुबेहूब एचआरची सही. सर उभेच राहिले. "जबरदस्त!" नऊच्या नऊ माना वळल्या. इतके दिवस मी त्यांना दिसतही नव्हते.

सुचलं कुठून, हे मला चांगलं माहीत आहे. तरी फार बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगवणार नाही.

१२ मार्च, बुधवार

सकाळी दहाला पाठवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्ध्या कारखान्याने दाबला होता! खाली गेलेच नाही. किल्ली मागायला लागू नये म्हणून दिवसभर पाणीसुद्धा प्यायले नाही.

१३ मार्च, गुरुवार

आकडे आले. बहुतेकांनी एकदा दाबलंय. सतरा जणांनी तीनदा किंवा जास्त. त्यात ताई. चार वेळा.

चार वेळा? चाचणी होती हे पान पहिल्याच वेळी दिसलं असेल ना? मग परत कशाला? म्हणून मी स्वतः दाबून बघितलं. कोरं पान. पांढरं फटक. मी पुन्हा दाबलं. पुन्हा कोरं.

सावकाश डोक्यात उजेड पडला. दाबल्याची मोजणी सर्व्हरवर होत होती, पण पुढचं पान अजून सरावापुरतं माझ्याच मशीनवर होतं; तो पत्ता बदलायचा राहिला होता. मशीन चालू होतं तोवर पान सगळ्यांना दिसत होतं, म्हणून लक्षातच आलं नाही. आणि काल दुपारी अपडेटसाठी मशीन बंद केलं, ते पान परत चालू करायलाच विसरले. त्यानंतर ज्याने दाबलं त्याला वाटलं असणार, नेट हळू चाललंय. मग दाब पुन्हा! तो चारचा आकडा ताईंचा नाही, माझा आहे.

सरांकडे धावले. ते म्हणाले, "रिपोर्ट सकाळीच वर गेला. नावांसकट."

"नावं द्यायची नव्हती ना, सर?"

"वरून मागितली. ट्रेनिंगसाठी असतील." मग आवाज खाली आणून, "आता चूक आपली होती म्हटलं तर विभागाचं हसं होईल. आणि तुझं प्रोबेशन आहे, विसरू नकोस." मायेने म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

१७ मार्च, सोमवार

एचआरला मेल लिहून ठेवलाय. चार ओळी. चूक माझी होती, तीन-चार वेळा दाबणाऱ्यांना जास्त दोषी धरू नये. पाठवला नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "नोकरीला महिना नाही झाला. तोंड मिटून राहा." राहिले.

२० मार्च, गुरुवार

इतके दिवस गेटबाहेरच्या हॉटेलातल्या टॉयलेटवर भागवलं, आज शेवटी खाली गेले. ताईंनी न विचारता किल्ली पुढे केली. "आठवडाभर कुठे उलथली होतीस?" मग स्वतःच मेलचा विषय काढला. बॉयलरवाल्याने म्हणे बायकोला फोन करून सांगूनही टाकलं होतं, आता घरी तोंड दाखवायची चोरी झालीये त्याला. "पण ज्याने कुणी लिहिलाय ना, त्याला आपल्यासारख्यांचं मन बरोबर कळतं हो!"

मी म्हटलं, "हो ना."

हो ना! एवढंच सुचलं मला. शी!

२८ मार्च, शुक्रवार

कंत्राटांचे कागद आले. तीनदा किंवा जास्त दाबणाऱ्यांची नूतनीकरणं नाहीत — 'माहितीच्या सुरक्षेस धोका.' सतरातले सहा पर्मनंट होते, त्यांना अर्धा दिवस ट्रेनिंग. उरलेले अकरा घरी. अकरांत ताई.

तीन वाजता माझा मेल पाठवला. अकरा दिवस उशिरा. दहा मिनिटांत उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' पाच वाजता सरांनी सांगितलं, माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. बस्स. मला तीन महिने, त्यांना कायमची सुट्टी.

३१ मार्च, सोमवार

ताई स्टोअरचा ताबा देत होत्या. प्रत्येक खण उघडून मोजून दाखवत होत्या, जणू उद्या परत यायचंय. मोकळ्या झाल्यावर सांगितलं. तो मेल मी लिहिला. कोरं पान माझी चूक. वेळेवर बोलले नाही, घाबरले.

"तू?" म्हणाल्या. मग जुडग्यातून टॉयलेटची किल्ली सोडवून माझ्या हातात दिली. "नवा माणूस येईपर्यंत तुझी अडचण होईल."

त्याच टॉयलेटमध्ये जाऊन रडले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ एप्रिल, शुक्रवार

ताईंचा फोन आला. आता शिव्या देतील म्हणून मी तयार होऊन बसले. तर म्हणाल्या, "उगाच जीव खाऊ नकोस स्वतःचा. तो मेल खोटा आहे हे मला वाचतानाच कळलं होतं. नऊ वर्षांत एचआरने आपणहून काही कळवलंय का कधी!"

मग चार वेळा का दाबलंत, ताई?

"अगं, खोट्या का होईना, त्या यादीत माझं नाव कसं दिसतं ते बघायचं होतं."