लॉट क्रमांक १४ ची उचल झालेली नसल्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
ग्रामीण पाणीपुरवठा उपविभाग,
धामणखेडा, जि. अमरावती

विषय : कुंभीढाणा जुने लाकूड आगार वस्तीतील लॉट क्र. १४ येथे माणसे राहत असल्याने हातपंप मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. १२ फेब्रुवारी २०२४
२) आपली पत्रे, दि. ६ मार्च, १० एप्रिल व २० मे २०२४

महोदय,

दि. १ जून रोजी सकाळी मी लॉट क्र. १४ ची पुन्हा मोजणी केली. घरे एकोणीस, त्यांपैकी एक कुलूपबंद. माणसे ८३, त्यांत पाच वर्षांखालील मुले १४. बकऱ्या ४१ (एक मोजताना पळाली, ती धरलेली नाही). आरागिरणीचे गंजलेले पाते एक, शाळेची घंटा म्हणून वापरात. नाल्याच्या वाळूत उकरलेले पाण्याचे झिरे तीन. हातपंप नाही.

मी मूळची वलगावची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे आणि एका संस्थेच्या पाणी तपासणीसाठी जानेवारीपासून या वस्तीत राहते. पाणी दूषित असेल तर तपासणीची कुपी काळी पडते. तिन्ही झिऱ्यांच्या कुप्या काळ्या पडल्या. मुलांची हगवण दवाखान्याच्या औषधाने थांबते आणि झिऱ्याच्या पाण्याने पुन्हा लागते. म्हणून हातपंप मागितला होता.

पत्त्याबाबत खुलासा करते. आगार सुरू झाले तेव्हा ठेकेदाराने कोरकू कुटुंबे डोंगरातून आणून लाकडांच्या थप्प्यांशेजारी वसवली. घरात ती कोरकूच बोलतात, परंतु गल्ल्यांना कोणत्याच भाषेत नाव नव्हते. लिलावासाठी थप्प्यांना जे लॉट क्रमांक होते, तेच गल्ल्यांना पडले. आगार बंद झाले, क्रमांक राहिले. आधार कार्डावर हाच पत्ता आहे. गल्लीतल्या जयवंताबाईंच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरही ‘मांडव : लॉट नं. १४’ असे छापले होते. मीही अर्जात तोच लिहिला.

त्यावर आपण वन विभागाकडून या बंद आगाराचा अहवाल मागविला व मला कळविले की, “लॉट क्र. १४ (सागवान, नग २१२) ची लिलावात विक्री होऊन सन १९९७ मध्ये संपूर्ण उचल झाली आहे. सबब जागेवर काहीही शिल्लक नाही.” हे पत्र मी वस्तीत वाचून दाखविले. श्री. पुंजाराम बेठेकर यांनी त्या उचलीचे ट्रक स्वतः भरले होते. ते म्हणाले, “बराबर लिवलं हाय, बाई. लकडा गेला. आमाले उचलाले कोनी आलंच नाही.” त्यावर त्यांची सून सौ. चंदा म्हणाल्या, “या बुढ्याले तरी घेऊन जा म्हना, सस्त्यात देतो.” हे दोन्ही जबाब नोंदीसाठी देत आहे.

दुसऱ्या पत्रात, काही शिल्लक असल्यास उचल अपूर्ण ठरते, ती जबाबदारी खरेदीदाराची आहे, तरी हातपंपाची मागणी खरेदीदाराकडे करावी, असे नमूद होते. मी अकोल्याला गेले. खरेदीदार वारले आहेत. त्यांचे चिरंजीव मनोज यांचे फरशीचे दुकान आहे. “लॉट क्र. १४ मधील उरलेल्या मालावर आमचा कोणताही हक्क नाही,” असे त्यांनी लेखी दिले व चहा पाजला.

ते पत्र घेऊन मी आपल्या कार्यालयात आले असता लिपिकांनी मला समजाविले, “मॅडम, कागदावर माल उचलला म्हंजे उचलला. तुमी तिथं मानसं कायले मोजून राहिल्या?” कुणीतरी येऊन पाहावे अशी विनंती केली. जिथे काही शिल्लक नाही तिथल्या पाहणीचा प्रवासभत्ता मंजूर होत नाही, असे कळले.

तिसऱ्या पत्रान्वये आपण, शिल्लक असल्यास नगनिहाय लांबी व गोलाई विहित नमुन्यात सादर करावी, त्याशिवाय विचार होणार नाही, असे कळविले आहे. मला दुसरा मार्ग दिसला नाही, म्हणून नमुना भरला आहे. माणसांची गोलाई कुठे घ्यावी याची सूचना नमुन्यात नाही. मोठी माणसे कामावर गेली होती, म्हणून फक्त पाच वर्षांखालील मुले घेतली आणि अंगणवाडीच्या पट्टीने दंड मोजले. सहा महिन्यांवरील मुलांसाठी ही पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, अशी आहे. ‘प्रजाती’ या रकान्यात ‘सागवान’ व ‘इतर’ एवढेच पर्याय होते. ‘इतर’ लिहिले आहे. ‘प्रत’ (मालाचा दर्जा) हा रकाना मला भरता आला नाही.

नमुना चुकला असल्यास कृपया कळवावे, मी पुन्हा मोजीन. पत्ता बदलायचा असल्यास कोणता लिहावा तेही कळवावे. वस्तीतील लोक मला रोज विचारतात.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(रागिणी देवीदास मेहरे)
लॉट क्र. १४, कुंभीढाणा
दि. ३ जून २०२४

सोबत :
१) तीन कुप्यांची छायाचित्रे
२) अकोल्याचे पत्र
३) मोजमाप पत्रक, नग १४. पैकी नग क्र. १ : आचल, सौ. चंदा यांची मुलगी, वय १४ महिने. प्रजाती : इतर. लांबी : ७१ सें.मी. गोलाई : दि. २२ मे रोजी ११.७ सें.मी., दि. २ जून रोजी ११.२ सें.मी.