चेंबरची न सापडणारी फाईल

चोपडा,
शुक्रवार

ती. नानांना समाधानचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण अकरा दिवस लॅपटॉपसमोर बसून पाठ सरळ होत नाही. पुनम रोज बाम चोळते आणि चोळता चोळता बोलते. बाम तरी बरा.) तुमचा गुडघा कसा आहे? सुगंधाकाकूंची शुगर आटोक्यात आहे ना? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीही नाही. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि काकू मधेच विचारतात, जेवलास का. जेवलो नाही, नाना.

नवलशेठच्या केळी पिकवायच्या चेंबरवर मी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मोठी थंड खोली. कच्ची केळी क्रेटमध्ये भरून आत लावायची, सोळा-सतरा अंशांचा थंडावा धरायचा, चार-पाच दिवसांत सगळी एकसारखी पिवळी. तो थंडावा धरतो माझा प्रोग्रॅम. (सगळं चोपडा 'समाधानचा प्रोग्रॅम' म्हणतं, मी कशाला नाही म्हणू.) गेल्या महिन्यात त्याचा लॅपटॉप कायमचा मिटला. जळगावच्या दुकानदाराने आतल्या फायली कशाबशा काढून दिल्या आणि शेठनी नवा लॅपटॉप घेतला. येत्या गुरुवारी पाच शेतकऱ्यांची केळी आत यायची आहेत. तोवर प्रोग्रॅम चालला नाही तर शेठ जळगावहून दुसरा माणूस आणणार आणि मला वजनकाट्यावर बसवणार. नऊ वर्षांनंतर वजनकाटा, नाना.

आता अडचण ऐका. नव्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम नव्याने जुळवून घ्यावा लागतो. ते काम एक दुसरं सॉफ्टवेअर करतं. त्याला बिल्ड म्हणतात. त्याला लागणारे तयार तुकडे, म्हणजे लायब्रऱ्या, कुठे ठेवल्यात ते त्याला सांगावं लागतं. तुम्ही दीपनगरच्या स्टोअरला तीस वर्षं काढलीत, तुम्हाला लगेच कळेल. चिठ्ठीत लिहिलंय त्याच रॅकवर हा जातो. तिथे नसलं तर ठरलेल्या चार रॅकवर ओळीने जातो, आणि नाव जुळलेला पहिला डबा उचलतो. डबा उघडून बघत नाही. आणि पाचव्या रॅकवर वस्तू तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे पडलेली असली तरी हा 'नाही' म्हणून हात झटकतो.

सुरुवात शेठपासून झाली. नव्या लॅपटॉपची पूजा झाली, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, आणि नवी वही उघडताना लिहितात तसं पहिल्या फोल्डरचं नाव शेठनी '॥ श्री ॥ केळी' ठेवायला लावलं. सगळा प्रोग्रॅम त्यात. आता या बिल्डला पत्त्यात मोकळी जागा दिसली की पत्ता तिथेच संपला असं वाटतं. दोन उभ्या रेघांपाशी येऊन म्हणायचं, असं काही गावच नाही. चार दिवस माझे यात गेले. शेठ रोज खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि, सगळं तर इथेच दिसतंय म्हणून, तेच विचारायचे, "बठ्ठं आठेच शे ना? मंग सापडत काबर नही?" शेवटी मी श्री काढा म्हटलं, तर दोन दिवस अबोला. मग तोडगा निघाला: प्रोग्रॅम साध्या नावाच्या फोल्डरमध्ये, आणि त्याच्या वर रिकामं श्रींचं फोल्डर. त्याला रोज उदबत्ती दाखवतात. धुराने मला खोकला.

त्यानंतर बिल्ड पूर्ण झालं. मी पेढे सांगितले. नासीरभाईंनी (सेन्सर यांनीच बसवलेत) चेंबर चालू केलं आणि स्क्रीनवर तापमान आलं एकशे साठ अंश. नासीरभाई चपला सोडून मेन स्विचकडे पळाले. झालं होतं काय, की चिठ्ठीतल्या रॅकवर लायब्ररी मिळाली नाही, म्हणून याने मागच्या रॅकवरची त्याच नावाची जुनी उचलली. जुनीला सेन्सरचा आकडा दहाने भागायचं माहीत नाही. पेढे मात्र आले. शेठनी माझ्याकडे बघत एकेक खाल्ला.

जुनी लायब्ररी मी काढून टाकली. आता हे सॉफ्टवेअर कुठे कुठे शोधलं त्याची यादीच दाखवतं, आणि यादीत पहिला पत्ता येतो: होम, त्यात पियुष, त्यात दिवाळी. तुमच्या पियुषने कधीतरी माझ्या लॅपटॉपवर काहीतरी टाईप केलं असणार, त्याचं नाव राहून गेलं असेल. मी शेठच्या लॅपटॉपवर पियुष नावाचं फोल्डर केलं, आत दिवाळी केली, हाताशी होत्या त्या सगळ्या फायली तिथे ओतल्या. सॉफ्टवेअर आत जाऊन बघून आलं आणि म्हणालं, हवी ती फाईल नाही. नाना, मी हरलो. मला या वयात वजनकाटाही जमायचा नाही, तिथे उभं राहावं लागतं.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा पुतण्या,
समाधान

ता. क. पियुष रविवारी पुण्याहून घरी येणार असं कळलं. सहज विचारून बघा, ती दिवाळीची फाईल त्याच्याकडे आहे का. माझं नाव सांगितलं नाही तरी चालेल.

ता. क. २. नाव सांगा. नासीरभाईंनी आज सगळ्यांसमोर स्क्रीन मोठ्याने वाचली आणि विचारलं, "समाधानभाऊ, हा पियुष कोण?" मी म्हटलं, चुलत भाऊ. शेठनी मान वर केली. तो पत्ता खोडला तर बिल्ड पुढे सरकत नाही, ठेवला तर त्याचं नाव रोज सगळ्यांना दिसतं. प्रोग्रॅम त्याने दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर बसून लिहिला होता, नाना. मी फक्त चहा दिला. चेंबरच्या उद्घाटनाला शेठनी मला शाल घातली, तेव्हा तो तिसऱ्या रांगेत होता, आणि मी वाकून घेतली. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. बरोबरच आहे त्याचं. शेठना मी आज संध्याकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग त्यालाच बोलाव.

ता. क. ३. हे पत्र आणणाऱ्या नासीरभाईंकडे ती शाल दिली आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही. आधी त्याला शाल द्या, मग फाईलचं विचारा. उलट केलंत तर तो देईलही फाईल, पण मला तसं नको. श्रीफळाची मात्र आम्ही दुसऱ्याच दिवशी चटणी केली होती.