दोन दिवस विहिरीत औषध पडलं नाही

मी, जालिंदर चांगदेव रणपिसे, वय ६८, ग्रामपंचायतीचा निवृत्त पाणी कर्मचारी, मूळ राहणार घोडकाठची वस्ती, तालुका शिरूर, हल्ली मुक्काम मुलाचे रेल्वे क्वार्टर, दौंड, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

१. गावचे दोन खोल्यांचे घर, संडासासह, मुलगा सतीश यास. संडासात गोवऱ्या भरल्या तर घर मुलगी भाग्यश्रीचे. हे थट्टेने लिहिलेले नाही.

२. पोस्टातली शिल्लक सतीशची मुलगी प्राची हिच्या शिक्षणास. तीन वर्षांची असताना ही पोर जुलाबांनी हातची चालली होती. कृपाबाई सिस्टरनी तिला दिवसभर मांडीवर घेऊन मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले. सिस्टर, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

३. बादली व ढवळायचा दांडका नवे कर्मचारी सोपानराव यांस. औषधाची म्हणजे ब्लीचिंगची पावडर कालवल्यावर चुना तळाशी बसू द्यावा, वरची निवळ तेवढीच विहिरीत ओतावी. ज्या विहिरीत माझ्या आईला पोहरा सोडू दिला नाही, ती गावाने माझ्या हवाली केली आणि एकवीस वर्षे पाणी प्याले. गावाचे आभार.

४. आता जे लिहायला हात धजत नव्हता ते. लग्नघरचे लोक नेहमी म्हणायचे, "मामा, आज औषध नका टाकू, चहाला वास येतो." मी त्यांना हाकलून लावी. पण १९९६ साली भाग्यश्रीच्या लग्नात व्याह्यांनी चहाला नावे ठेवू नयेत म्हणून मीच दोन दिवस औषध टाकले नाही. तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस माणसे जुलाब-उलट्यांनी आडवी, त्यांतच प्राची. मठ्ठा त्याच विहिरीच्या पाण्याचा होता. गावाने खापर आचारी हौसरावांवर फोडले. पाण्याचा नमुना न्यायच्या आधी मी दुप्पट औषध ओतले, म्हणून नमुना चांगला निघाला. आमच्यातल्या माणसाने पाणी नासवले असे गाव म्हणेल, ही भीती खरी होती. मी गप्प बसलो, तेही खरे. हौसरावांना पुन्हा कुणी लग्नाला बोलावले नाही. ते दौंडला खानावळीत भांडी घासतात.

मी गेल्यावर माझ्या जलदान विधीला हे कलम सर्वांसमोर वाचावे.

दुरुस्ती, आजचीच: हौसरावांना साक्षीला बोलावून वरचे वाचून दाखवले. म्हणाले, "जालिंदर, तू मरायची वाट कुठवर बघू? मठ्ठा माझ्या बायकूनं, नकुशीनं घुसळला व्हता. आठ वर्सं झाली, 'माझ्या हाताला दोष हाय' म्हंती ती, परक्याला पाण्याचा तांब्या बी देत न्हाई. तिला आत्ता सांग."

मला हे ठाऊक नव्हते, बौद्ध असल्याने देवाशपथ म्हणायची सोय नाही, पण नव्हते. एवढे ऐकूनही ते सहीला बसले, हे त्यांचे मोठे मन. जलदान विधीची ओळ मी रद्द करतो. गावाला येत्या ग्रामसभेत सांगेन. सह्या झाल्या की लगेच आम्ही नकुशीवहिनींकडे निघतो. आधी त्यांच्या हातचे पाणी मागणार आहे, मग बोलणार.

सही: जालिंदर चांगदेव रणपिसे

साक्षीदार: १. हौसराव (आचारी), सही
२. कृपाबाई (निवृत्त नर्स), सही

दौंड, दिनांक १२ डिसेंबर २००४